फाइल उडवली नाहीत, नाव बदललंत: ताई, मनापासून आभार

सप्रेम नमस्कार ताई,

वर्डची नॉर्मल टेम्प्लेट, म्हणजे प्रत्येक नव्या डॉक्युमेंटचा साचा असलेली फाइल, फुगून १८ एमबीची झाली आणि वर्ड जड चालू लागलं की जो तो एकच सांगतो: उडवून टाका, वर्ड नवी बनवतं. बनवतं, हे खरं. पण आमच्या वकिली कचेरीची वर्षानुवर्षं जमवलेली ऑटोटेक्स्ट, म्हणजे साठवून ठेवलेले तयार मजकूर, त्याच फाइलीत आहेत. ‘चतु’ टाइप करून एफ३ दाबलं की पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस असा चतुःसीमेचा अख्खा मजकूर उमटतो. भाडेकराराच्या अटी, कुलमुखत्यारपत्राची कलमं, साक्षीदारांच्या सह्यांचा तक्ता, सगळं तिथेच. तुम्ही वर्डबरोबर आउटलुकही बंद करायला लावलंत, कारण तेही ही फाइल धरून ठेवतं. मग टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये जाऊन तिचं नाव फक्त ‘जुनी नॉर्मल’ केलंत. डिलीटला हात लावला नाहीत. हे पत्र त्यासाठी.

तुमच्याआधी आलेल्यांनी ऑफिस काढून पुन्हा टाकलं, रॅम वाढवण्याचं कोटेशन दिलं, पैसे घेतले. नॉर्मल टेम्प्लेट असते ॲपडेटा या वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरात. ऑफिस कितीदाही टाकलं तरी ती जशीच्या तशी राहते. नव्या कोऱ्या फाइलीला दहा-वीस केबी पुरतात. आपल्या फाइलीचा आकार बघायला उजवं क्लिक पुरलं असतं. तेवढंही कुणी केलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही प्रत काढून तिचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातलं टिंबानंतरचं शेपूट, झिप केलंत आणि आत काय भरलंय ते उघडून दाखवलंत. मॅक्रोची (एका फटक्यात चालणाऱ्या आज्ञांची) फाइल किरकोळ, स्टाइल्सचीही (मथळे-परिच्छेदांच्या ठरलेल्या रूपांची). सगळं वजन चित्रांचं होतं. नोटरीचा शिक्का आणि सही ६०० डीपीआयवर पूर्ण ए४ पान स्कॅन करून वर्डमध्ये आणलेली, मग क्रॉप करून ऑटोटेक्स्टमध्ये ठेवलेली. डोळ्यांना दिसते दोन इंची सही, पण कापलेला भाग फाइलीतून जात नाही. ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचं पान आत तसंच राहतं. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण करून १५० पीपीआय निवडलं, तेव्हा कुठे ते पान गेलं. लेटरहेडच्या टेम्प्लेटचा रोग निराळा निघाला: तिथे देवनागरी फॉन्ट एम्बेड केलेले, म्हणजे फाइलीतच भरून ठेवलेले, तेही ‘फक्त वापरलेली अक्षरं’ ही खूण न करता, म्हणजे साधा आणि ठळक दोन्ही पूर्ण फॉन्ट पोटात.

वर्ड उघडल्यावर नवी नॉर्मल आपोआप तयार झाली. जुनी फाइल डेव्हलपर टॅबमधून ॲड-इन (वर्डला जोडलेली जादा फाइल) म्हणून जोडली, की तिची ऑटोटेक्स्ट आणि मॅक्रो वापरता येतात. स्टाइल्स मात्र तशा येत नाहीत, त्या वर्डच्याच ऑर्गनायझर या सोयीने कॉपी कराव्या लागतात. हे वाक्य सांगायला कुणी विसरलं असतं, तर आमच्या दस्तांची ओळींच्या अंतरापासून मथळ्यापर्यंतची घडी विस्कटली असती. मग ऑटोटेक्स्टची एकेक नोंद कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये आणायची, चित्र असेल तर हलकं करायचं, ऑल्ट एफ३ दाबून नव्या नॉर्मलमध्ये ठेवायची. शेवटी ॲड-इन काढून टाकायचं, नाहीतर जुनं ओझं रोज पुन्हा लोड होतं.

यंत्र दुरुस्त करणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याने जमवलेलं आपल्या हातून जाऊ नये म्हणून जपणारी माणसं कमी. तुम्ही प्रत्येक नोंद हलवण्याआधी आमच्या टंकलेखिकेला विचारत होतात, “ही लागते का हो?” आणि ती “राहू द्या” म्हणाली की निमूटपणे ठेवत होतात. इतक्या आदराने तिच्या कामाबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

नवी फाइल आता ३०० केबीच्या आत आहे. नवा शिक्का आला की आधी चित्राच्या प्रोग्रॅममध्ये कापायचा, मगच वर्डमध्ये आणायचा, हे स्कॅनरशेजारी लिहून लावलं आहे.

आपले ऋणी,
कचेरीतील सर्व सहकारी