मामाच्या मुलाला बोटीवर पाठवण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

ऑस्ट्रेलियातल्या ग्लॅडस्टोनहून कोळसा भरून निघालोय, पारादीप यायला अजून बराच अवकाश आहे. परवा फोनवर आवाज तुटत होता, म्हणून मामाने विचारलेलं सगळं लिहूनच पाठवते. आई, तू मध्येच म्हणालीस, "पोरगं सुखरूप राहील ना?" मामाने पगाराच्या आधी हेच विचारायला हवं होतं.

तुम्हाला भीती वाटते वादळाची. चीफ ऑफिसर म्हणून मला धास्ती असते ती बंद जागांची. रिकामी टाकी, होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या तळघरात, उतरायच्या शिडीचा बंदिस्त मार्ग, अशा जागा. लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन खातं, कोळसाही खातो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. आत किती उरलाय ते नाकाला कळत नाही की डोळ्यांना दिसत नाही. फारच कमी असेल तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, हाक मारायलाही सवड मिळत नाही. वरचा बघतो, दोस्त पडलाय म्हणून तसाच खाली धावतो आणि त्याच्या शेजारी पडतो. जगभरात असे वाचवायला उतरलेले कितीतरी जण गेलेत. जीव तोडून धावणारी चांगली माणसं होती ती. वर थांबून आधी अलार्म द्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पाडलेलं नव्हतं, एवढंच.

बाबा, तुम्ही लाइनमन होतात. लाइन बंद केल्याचं परमिट हातात आल्याशिवाय आणि डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तुम्ही कधी तारेला हात लावला नाहीत, साहेब खालून कितीही घाई करोत. आमच्याकडेही परमिटच असतं. आधी हवा खेळवायची, मग मीटरने वर, मध्ये आणि तळाशी ऑक्सिजन मोजायचा, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा, बचावाचं सामान तिथेच तयार ठेवायचं. मगच सही. सही माझी असते, आणि मी मीटरचा आकडा स्वतः बघितल्याशिवाय ती करत नाही. 2015 पासून दर दोन महिन्यांनी अशा जागेतून माणूस बाहेर काढायचा सराव सक्तीचा आहे. काही बोटींवर तो फक्त रजिस्टरात होतो, याची मला चीड येते. आमच्या बोटीवर स्ट्रेचर खरोखर खाली उतरतं, आणि सगळ्यात नवख्या पोराला मी विचारते, "आता तू काय करशील?"

झोपेचंही तसंच. 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती, असा नियम आहे. लागोपाठ बंदरं आली की तो पाळणं कठीण जातं. तरीही अर्धवट झोपेतल्या माणसाला मी बोट बांधायच्या दोरांपाशी उभं करत नाही. ताणलेला दोर तुटला की ज्या वेगाने मागे येतो, त्यात पाय जातो, जीवही जातो.

आता मामाचं. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, कोर्स सहा महिन्यांचा, तिथेच राहून करायचा. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, मंजूर यादीत आहे का, ते आधी त्यांच्या साइटवर बघा. पण यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबू नका, प्रत्यक्ष जा. इमारत आणि युनिफॉर्म बघून भुलू नका. शेवटच्या महिन्यातल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा: लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी तू स्वतः मारलीस का? उलटलेला राफ्ट (जीव वाचवायचा तराफा) स्वतः सरळ केलास का? श्वासाचं उपकरण लावून धुराच्या खोलीत गेलास का? एकाने करायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे, असं कळलं तर तिथून परत या. सर्टिफिकेट सगळ्यांना सारखंच मिळतं. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा आग विझवायचा पाइप कसा धरायचा, इथपासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर ती धोक्यातच असतात.

तो एजंट नोकरी लावून देण्याचे लाखो रुपये मागतोय ना? एक पैसाही देऊ नका. भारताने 2015 साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाकडून भरतीची फी घेताच येत नाही. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि पासपोर्टचा खर्च तेवढा आपला असू शकतो. त्याच्याकडे आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, मागा आणि मला पाठवा, इथे नेट मिळालं की तपासते. टाळाटाळ करायला लागला तर त्याला परत दारात उभं करू नका.

बाबा, संस्था बघायला मामाबरोबर तुम्ही जाच. मामा भिडस्त आहे, तो काही विचारणार नाही. आणि पोराला आत्तापासून पोहायला पाठवा, विहिरीत चालेल, पण कुणीतरी जाणतं माणूस काठावर हवं.

तुमची लेक