पाचशेच्या तीन नोटा

25 जानेवारी 2021

प्रिय बाळ्या,

सात महिने ना पत्र, ना फोन. हव्या तेवढ्या शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. मी ग्रामपंचायतीला उभा राहिलो आणि पडलो, हे तुला दादाकडून कळलंच असेल. पडल्याचं काही नाही रे, वेगळंच एक झालंय.

यंदा गाव बिनविरोध करायचं ठरलं होतं. तुला वाटेल, बरंच की, भांडणं नकोत. आमदार लोकही बिनविरोध गावाला लाखांचा निधी जाहीर करत होते. पण आपल्याकडे बोली लागली. देवळाच्या सभामंडपाला चौदा लाख देईल त्याचं पॅनेल, त्याचाच सरपंच. दादा म्हणाला, "देवाचंच काम आहे, तुझ्या खिशातून जातंय का?" मी म्हटलं, माझ्या बोटातून जातंय. (हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी नुसता त त प प झालो होतो.)

अर्ज भरला. शौचालयाचा दाखला आणायला गेलो तर शिपाई म्हणतो, "मास्तर, तुमचं वापरात आहे का बघायला यावं लागेल." ऑनलाइन अर्ज घेणारा सर्व्हर असा बसला की शेवटच्या दिवशी, 30 डिसेंबरला, कागदावरच घ्यावे लागले. 4 जानेवारीला माघारीची मुदत. आदल्या रात्री अर्धी भावकी ओट्यावर. मी मागे घेतला नाही. बाकीचे दोन वॉर्ड बिनविरोध झाले, आपल्या वॉर्डात मतदान लागलं. चिन्ह मिळालं कपबशी. "नुसतीच बशी दाखवतोस, चहा कुठाय?" हे मी किती वेळा ऐकलं असेल!

मतदानाच्या तोंडावर राज्य निवडणूक आयोगाने नाशिककडच्या उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. तिथंही देवळाच्याच नावाने बोली, एकीकडे दोन कोटींच्या वर, दुसरीकडे 42 लाख. मी तालुक्याहून पेपर आणून पारावर वाचून दाखवला. लोक म्हणाले, त्यांनी व्हिडिओ निघू दिला, आपली माणसं शहाणी. आदर्श गाव हिवरे बाजारलासुद्धा तीस वर्षांनी मतदान होतंय, असंही सांगून बघितलं. त्यावर एकजण म्हणाला, "तिथं झाडं आहेत, इथं तू आहेस."

18 तारखेला मोजणी. त्यांना 214, मला 63. वॉर्डात भेटेल तो सांगत होता, "मत तुलाच." त्या हिशेबाने मी उद्याचा उपसरपंच असतो.

आता ऐक. परवा पंचांगात आईची औषधाची चिठ्ठी शोधत होतो. पाचशेच्या तीन नोटा निघाल्या. आई, ही आणि मी. माझ्या मताचेसुद्धा पाचशे देऊन गेले, बाळ्या! मी त्यांच्याविरुद्ध उभा, तरी यादीत घरात तीन मतं म्हणून तीन नोटा.

आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यांनी घेतले. नको म्हटलं असतं तर म्हणाले असते, मास्तरच्या आईला माज आलाय. मत तुलाच दिलं." मी काय बोलणार? मी उभा राहिलो नसतो तर चौदा लाख एकठोक देवळात गेले असते. मी उभा राहिलो, म्हणून त्यातलेच काही किरकोळीत घरोघर गेले. मंडपाचे खांब गज वर काढून तसेच उभे आहेत, आणि येणारा-जाणारा माझ्याकडे बघतो. बोली मोडली असं म्हणू, की नुसती दुकानाची पाटी बदलली?

रात्री तुझं ते जीपचं आठवलं. आडव्या बाटलीच्या, म्हणजे दारूबंदीच्या मतदानाच्या वेळी वाडीवरच्या बायकांना आणायला मी या पॅनेलवाल्यांच्याच थोरल्याची जीप घेतली होती. तू विचारलंस, डिझेल कोणाचं? मी म्हणालो, दारू बंद होतेय ना, मग डिझेलची जात कशाला काढतोस. तू चालत गेलास. मी तुला सगळ्यांसमोर 'सोवळा' म्हणालो, आणि दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. तेव्हा तू आगाऊ वाटला होतास. अजूनही थोडा वाटतोस. पण प्रश्न बरोबर होता.

आयोगाला अर्ज लिहायला घेतलाय. एकच उमेदवार उरला तरी त्याच्यासमोर 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण ठेवून मतदान घ्या, एवढीच मागणी. मसुदा पाठवतो, तुझी लाल शाई चालव. ग्रामसभा भरेल तेव्हा ठरावही मांडणार आहे. अनुमोदक मिळत नाही. दादा तर समोरून येताना रस्ता बदलतो.

धाकटीच्या दहावीचं काय? फोनवर शिकून काही डोक्यात शिरतं का? वहिनींना नमस्कार. तुझ्या बदलीचं कळव.

तहसीलला तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचाय. मर्यादा 25 हजारांची, माझे झाले 1,140, त्यात पत्रकं आणि एकदाचा चहा. त्या तीन नोटा अजून पंचांगातच आहेत. परत नेऊन द्याव्यात तर आईचं नाव येतं. देवळाच्या पेटीत टाकाव्यात तर त्यांचीच बोली मी पुरी केल्यासारखं होतं. तू असतास तर काय केलं असतंस, ते लिही. की चालतच येतोस? हुरडा अजून आहे.

तुझा,
मास्तर