बिनव्याजी बँक तेलाच्या पैशातून जन्मली नाही

मा. संपादक, स. न.

इस्लामी बँकिंग ही आखाती तेलपैशाची देन, असं आपल्या रविवारच्या लेखात वाचलं. दुबई इस्लामिक बँक १९७५ ची, हे खरं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९६३ मध्ये, इजिप्तमधल्या मीत गम्र या नाईलकाठच्या गावात बिनव्याजी बचत बँक उघडली होती. गाव कापूस पिकवणाऱ्या मुलखातलं; तेलाचा तिथे संबंधच नाही.

ती काढणारे अहमद अल-नज्जार जर्मनीत शिकलेले. तिथल्या गावोगावच्या बचत बँका त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. (आपल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही रायफायझेन यांच्या गावोगावच्या पतसंस्थांचा जर्मन नमुनाच होता. म्हणजे आमची पतसंस्था आणि ती बँक चुलत भावंडंच!) व्याज हराम म्हणून बँकेची पायरी न चढणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी आत आणलं. बचत खात्यावर व्याज नाही, पण गरजेला छोटं बिनव्याजी कर्ज. गुंतवणूक खात्यावर नफ्यातला वाटा. शिवाय अडल्यानडल्यांसाठी जकातीचा, म्हणजे धर्माने सांगितलेल्या दानाचा, निधी. पाटीवर मात्र ‘इस्लामी’ शब्द नाही. राष्ट्राध्यक्ष नासरच्या राजवटीत तो अंगाशी आला असता. तरीही १९६७ मध्ये सरकारी बँकांनी कारभार ताब्यात घेतला आणि प्रयोग तिथेच थांबला.

नफ्यातल्या वाट्याच्या व्यवहाराला मुदारबा म्हणतात. आमच्याकडच्या बटईसारखाच तो: भांडवल एकाचं, राबणं दुसऱ्याचं. बुडालं तर एकाचा पैसा गेला, दुसऱ्याचे कष्ट. आजच्या बऱ्याच इस्लामी बँका मात्र वस्तू विकत घेऊन ती वाढीव भावाने हप्त्यांवर विकतात. मला तरी त्यात व्याजाचाच वास येतो.

आमच्या पतसंस्थेत एक हॉटेलवाले चाचा रोज पिग्मी भरत. मुदत संपली की म्हणत, “साहेब, सूदाचे वेगळे मोजा.” ती रक्कम दुसऱ्या पाकिटात घालून, वरच्या खिशात न ठेवता हातातच धरून नेत आणि गल्लीतल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला देऊन टाकत. अशा ठेवीदारांसाठी बिनव्याजी बँकिंगची सोय असावी, असं रघुराम राजन समितीने २००८ मध्ये सुचवलं होतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं.

चाचा गेले. आता त्यांचा मुलगा दोन पाकिटं मागतो.

– एक निवृत्त पतसंस्था व्यवस्थापक, परभणी