कागद नसलेल्या बहिणीसाठी

महाल, नागपूर

आदरणीय वकीलकाकू,
सा. न. वि. वि.

माझी पहिली कुमार कादंबरी गेल्या आठवड्यात छापून आली. पहिली प्रत तुमच्या हाती दिली तेव्हा मला धड बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण ही कादंबरी वाचणाऱ्या मुलींना कळायला हवे की तिच्यातली मुख्य गाठ तुम्ही दाखवून दिलेली आहे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मी वही घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा गोष्ट अशी होती. महालातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या सोळा आणि तेरा वर्षांच्या दोन बहिणींना आजीच्या ट्रंकेत १९५२ सालचे दत्तकपत्र सापडते, आणि आजीला एक धाकटी बहीण होती, ती इतवारीतल्या नात्यातल्या घरी दत्तक दिली गेली, हे घरात कोणी कधीही न उच्चारलेले सत्य त्या एका कागदावरून त्यांना कळते. मला तो प्रसंग फार प्रिय होता. तुम्ही आधी दत्तकपत्राच्या मथळ्यातले ‘मुंबई राज्य’ खोडलेत, कारण १९५२ साली नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि मुंबई राज्यात ते गेले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. ती चूक दोन शब्दांची होती. दुसऱ्या चुकीने मात्र अर्धी कादंबरी कोसळली: १९५२ साली मुलीचे असे दत्तकपत्र होणेच शक्य नव्हते.

त्या दुपारी तुम्ही मला जे समजावून सांगितलेत ते मी कधी विसरणार नाही. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक घेतला जाई तो मुलगा, कारण दत्तकाची सोय वंश आणि पिंडदान ह्यांच्यासाठी होती. काही समाजांच्या रूढी सोडल्या तर मुलीला दत्तक घेण्यास मान्यता नव्हती. ती मिळाली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा डिसेंबर १९५६ मध्ये लागू झाला तेव्हा. मग मी साल बदलून १९५७ करते, असे मी घाईने म्हणाले, आणि तुम्ही मला कलम ११ मोठ्याने वाचायला लावलेत. ज्या घरात मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात आहे, त्या घराला आणखी मुलगी दत्तक घेता येत नाही. माझ्या इतवारीच्या घरात तर एक मुलगी होतीच. नव्या घरी गेलेल्या पोरीला सोबत हवी म्हणून मीच ती घातली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या गोष्टीतली ती पोर त्या घरची कागदावरची मुलगी १९५६ च्या आधीही होऊ शकत नव्हती आणि नंतरही नाही, आणि नंतर जिच्या असण्यामुळे होऊ शकत नव्हती, तीच मुलगी तिला रात्री कुशीत घेऊन झोपवणार होती. दोन वर्षे मी बहिणींविषयी लिहीत होते, पण बहीण म्हणजे कोण हे मला त्या कलमाने विचारायला लावले.

कागदच नाही तर पोरींना कळणार कशावरून, ह्या माझ्या प्रश्नाचे उत्तरही तुमच्याचकडे होते. शाळेत नाव घालायला आलेला माणूस सांगेल ते मास्तर लिहून घेत, म्हणून जुन्या दाव्यांत शाळेचा दाखला नीट वाचावा लागे, असे तुम्ही सहज बोलून गेलात. आता ट्रंकेतून एकाच मुलीचे दोन दाखले निघतात. जन्मतारीख एक, वडिलांची नावे दोन.

शेवटी मी पणजोबांची बाजू चार पाने मांडली होती. मोठ्यांची बाजू घ्यायला घरात सगळेच असतात, ह्या पुस्तकात तरी पोरींची घे, असे तुम्ही म्हणालात. मला तेव्हा राग आला होता, हे आज कबूल करते. ती पाने पुस्तकात नाहीत, आणि थोरली आजीला माफ न करताच तिचा हात धरून रस्त्यावर उतरते.

मारबतीच्या प्रकरणाला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेले जाणारे दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात, त्या गर्दीत दोन म्हाताऱ्या बहिणी भेटतात, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ह्या आरोळ्यांमध्ये एकमेकींचे बोलणे त्यांना ऐकू येत नाही. ते वाचून तुम्ही वही मिटलीत, आत गेलात, आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. का, ते मी तेव्हा विचारले नाही आणि आजही विचारत नाही. तुमच्या प्रतीत त्या पानाशी मी खुणेचा दोरा ठेवला आहे.

तुमची,
शेजारच्या वाड्यातली