मंगळवार-गुरुवारचं दुपारचं जेवण

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

व्हिसा आला, तिकिटं झाली. एक गोष्ट मुद्दाम लिहून पाठवतेय, कारण फोनवर सांगितली असती तर आई नुसतं "बघू" म्हणाली असती. आई, तुझं "बघू" कुठे जातं ते मला ठाऊक आहे.

तर ठरवलंय ते असं. इथे नेदरलँड्समध्ये, लायडनला असाल ते तीन महिने मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी घरात चूल पेटणार नाही. त्या दोन दिवशी मला ऑफिस चुकत नाही. तुम्ही दोघं कोपऱ्यावरच्या एटकाफेत जेवायचं. एटकाफे म्हणजे आपल्याकडची साधी खाणावळ आणि कॉफीचं दुकान यांच्या मधलं काहीतरी. लाकडी टेबलं, कपडे कसलेही चालतात. डबा करायचा मला कंटाळा आहे असं मनात आणू नका. बाकी पाच दिवस वरण-भात-पोळी आहेच. कुकर आहे, पोळपाट आहे, गोडा मसालासुद्धा आहे. पण डबा ठेवला की आई तो गरम करणार, मग कोशिंबीर करणार, मग ओटा पुसणार, आणि दोघं दिवसभर खिडकीशी बसून राहणार. काकूचं काय झालं ते आपण पाहिलंय. मला ते नकोय.

बाराला निघा. साडेबारापर्यंत टेबलं भरतात. दारात थांबा, "दोन" अशी बोटं दाखवा, सांगतील तिथे बसा. टेबलावर "गेरेसर्वेर्त" अशी पाटी असली तर ते राखून ठेवलेलं, तिथे नको. वेटर लगेच येणार नाही आणि मध्येमध्ये विचारायलाही येणार नाही. बाबा, हा अपमान नाही, इथली रीत आहे. नजरेला नजर मिळाली की हात थोडा वर करायचा. टाळी किंवा चुटकी वाजवायची नाही! बिलसुद्धा मागितल्याशिवाय येत नाही. "दे रेकनिंग" एवढं म्हणा.

इथली माणसं दुपारी पाव खातात, गरम जेवण संध्याकाळी सहाला. त्यामुळे दुपारच्या कार्डावर पाव, सूप, अंडी, सॅलड असंच जास्त असतं.

आई, आता तुझं. मासे-मटण सोड, तू अंडंही खात नाहीस. म्हणून पानेकूक, म्हणजे ताटाएवढा मोठा धिरड्यासारखा प्रकार, बाद. त्यात अंडं असतंच. टोमॅटो सूप निरुपद्रवी वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा मटणाच्या गोळ्यांसारखे बारीक खिम्याचे गोळे असतात. नसले तरी पाणी कशाचं ते विचारायचं: "ग्रूंते-बुयॉन?" म्हणजे भाज्यांचं का. हो म्हणाले तरच घे. फ्रेंच फ्राइज बऱ्याचदा बिटरबालेनच्याच तेलात तळतात, आणि बिटरबालेन म्हणजे तळलेले गोळे, आत बीफ. साटे, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, त्याबरोबर येणारे पांढरे पापड कोळंबीचे असतात. आणि हे सांगू की नको असं झालं होतं, पण तुला नंतर कळलं असतं तर जास्त लागलं असतं: इथल्या बऱ्याच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. घरी मी त्याशिवायचं आणते. बाहेर मात्र वेटरलाच ते माहीत नसतं. तेव्हा बाहेर चीज नको.

मग उरलं काय, म्हणशील. उरलं "ब्रोचे हुमुस". काबुली चणे वाटून त्यात तिळाचं कूट, लिंबू, लसूण घातलेली चटणी, वर भाजलेली वांगी-ढोबळी मिरची, खाली जाड पाव. तुला आवडेल. "झोंडर कास" म्हणायचं, म्हणजे चीज नको. ॲलर्जीचं कार्ड मागितलंत तर त्यात अंडं, दूध, मासे, कोळंबी यांची नोंद असते, कायद्यानेच ठेवावी लागते. पण मांसाची नसते. म्हणून कार्डावर विसंबू नकोस, "फेगेतारिस", म्हणजे शाकाहारी, हा शब्द तोंडाने म्हण.

बाबा, तुम्ही आउट्समायटर घ्या. पावावर दोन-तीन तळलेली अंडी. नावाचा अर्थ हॉटेलातून माणसं बाहेर काढणारा पहारेकरी, हे तुम्हाला आवडणार. "झोंडर हाम" विसरू नका, नाहीतर खाली डुकराचं मांस येतं. "वित ऑफ ब्रौन?" विचारतील. उत्तर "ब्रौन", पांढरा पाव नाही. साखरपाक घातलेलं काही मागवायचं नाही, आणि सफरचंदाचा लगदा येतो तोही गोड असतो. जेवण यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मधुमेहाची गोळी ताट समोर आल्यावर, ऑर्डर दिल्यावर नाही.

पाणी फुकट मिळेलच असं नाही. "क्रानवाटर", म्हणजे नळाचं, विचारा, नाही म्हणाले तर "स्पा ब्लाऊ", म्हणजे बाटलीतलं साधं पाणी, मागवा. "स्पा रोड" मागवलंत तर सोडा येईल. पण त्याहून चांगलं कार्नेमेल्क. बाबा, ते ताकच आहे! घट्ट, आंबट, बिनमिठाचं. चहा दुधाशिवाय येतो, म्हणून आईला "कॉफी फेर्केर्द". शब्दशः अर्थ "चुकीची कॉफी", कारण दूध जास्त. आईला हीच बरोबर.

पैशांची चिंता नको. दोघांचं मिळून तीसेक युरोंत भागतं. आई, त्याचे रुपये करत बसू नकोस, माझं ऐक. माझं एक कार्ड तुमच्याकडे असेल. बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत. पन्नास युरोंपर्यंत नुसतं टेकवलं की झालं. कधीतरी मध्येच पिन मागतं, म्हणून घाबरायचं नाही. टिप सक्तीची नाही, वरचा एखाद-दोन युरो पुरे.

संडास बहुधा तळघरात, जिना शिडीसारखा उभा. आई, तुझा गुडघा बघता घरूनच जाऊन निघ. बाटली लागतेच तुला, ती पिशवीत ठेवलेली असेल.

पहिल्या आठवड्यात मी एक दिवस सुट्टी काढून बरोबर येते, हे सगळे शब्द तुमच्याकडून वेटरसमोर म्हणवून घेते. लाजायचं नाही.

येताना भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव एका छोट्या डबीत आण, ताकासाठी, आणि डबी चेक-इनच्या बॅगेत. तूप आणू नकोस गं, पेढेही नको. दुधाचं काहीही या देशात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मी इथल्या लोण्याचं कढवून बरणी भरून ठेवलीय. रवाळ झालंय.

तुमची,
चिमी