फियाटचे सुटे भाग देणाऱ्या काकांस अनावृत पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीची (जिला सगळे फियाटच म्हणतात) आर.टी.ओ. कार्यालयातील तपासणी पार पडून तिच्या नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले, हे सांगायला मी पेढे घेऊन आपल्या घरी आलो होतो. आभाराचे दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तोच आपण "चहा घ्या सर, निवायलाय" म्हणून विषय मोडलात. समोरासमोर जे ऐकून घ्यायला आपण तयार नाही, ते लिहून कळवावे आणि चारचौघांनाही वाचता यावे, म्हणून हा खटाटोप. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे. चिकलठाण्याच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले आणि आता जालन्यात राहणारे एक फिटर, एवढीच ओळख येथे पुरेशी आहे.

आपल्याला सर्व ठाऊक असले, तरी इतर वाचकांसाठी थोडे मागचे सांगतो. मोंढ्यातल्या आडत दुकानाला बरकत होती त्या काळात वडिलांनी ही गाडी घेतली. पुढे एका गॅरेजात तिच्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवले गेले, ते पुन्हा चढलेच नाही, आणि गाडी बदनापूरजवळच्या आमच्या शेतातील पत्र्याच्या शेडखाली जाऊन उभी राहिली. कार्बोरेटर, डायनॅमो, गिअरचे दांडे असे एकेक भाग त्यानंतर कुठे गेले, याचा हिशोब लागत नाही. मात्र आपल्याकडच्या कोरड्या हवेमुळे पत्रा शाबूत राहिला. जिचे भाग आपण मला दिलेत, त्या आपल्या अंगणातील पद्मिनीची गोष्ट नेमकी उलटी होती. ती मुंबईहून आलेली, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच तिची चासी असते. त्यामुळे दारांखालचा लांब पोकळ पत्रा आणि मागच्या कमानपाट्यांच्या बैठकीजवळचा भाग एकदा सडला, की वरून कितीही झकपक रंग दिला तरी ती गाडी रस्त्यावर नेण्याच्या लायकीची राहत नाही. इंजिन, गिअर आणि ब्रेक मात्र अखेरपर्यंत आपल्याच हाताखाली राहिलेले, कुणी उपद्व्याप न केलेले होते. एका गाडीचे शरीर चांगले आणि दुसरीचे काळीज, असा हा योग होता.

अशी गाडी आता सहज मिळत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होणे थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. तिच्या सुट्या भागांचा बाजार तगून होता तो प्रामुख्याने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या आधाराने, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सींची मुदतही संपली. दुसरीकडे, आपल्या जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक कधीच कमी पडत नाही. येथील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार करतात, त्यामुळे दारातली जुनी गाडी वजनावर उचलून न्यायला सकाळी माणूस बोलावला तर तो दुपारी हजर होतो. तो आपल्याकडेही येऊन भाव सांगून गेला होता आणि आपण त्याला परत पाठवले होते, हे मला आपल्याकडून कळले नाही, शेजाऱ्यांकडून कळले.

गाडीला पाना लावू देण्यापूर्वी आपण तिची नोंदणी रद्द करून घेतलीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे वाहन कायमचे निकामी झाल्यावर मालकाने तसे नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. आपल्याकडे हे काम "बघू पुढं" या सदरात जाते आणि मग मेलेल्या गाडीच्या नावाने वर्षानुवर्षे नोटिसा येत राहतात. मला त्या वेळी ही कागदपत्रांची उस्तवार नकोशी वाटत होती. पण आपण तेथेच थांबला नाहीत. आपल्या गाडीचे आख्खे इंजिन उचलून माझ्या गाडीत बसवावे, असा सोपा बेत मी मांडला, तेव्हा आपण म्हणालात, "ब्लॉक तुमचाच ठेवा सर. नंबर त्याच्यावर हाय आन् आर.सी. बुकात बी तोच हाय." इंजिन बदलले तर कलम ५२ खाली परवानगी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रात बदल करून घ्यावा लागतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तो व्याप कुठल्या कुठे जाऊ शकतो. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी इंजिन नंबरावर बोट ठेवून तो पुस्तकातील नोंदीशी ताडून पाहिला, तेव्हा आपल्या त्या एका वाक्याची किंमत मला रोखीत कळली.

आता मुख्य गोष्ट. भाग देताना आपण एक अट घातली होती. जो भाग माझ्या गाडीवर आज बसवायची तयारी झाली असेल, तेवढाच आज काढायचा, बाकी गाडी जशी आहे तशी राहू द्यायची. त्या वेळी ही अट मला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटली, हे लिहायला हरकत नसावी. गॅस कटर आणून एका दिवसात गाडी मोकळी करावी आणि भाग पोत्यात भरून न्यावेत, अशीच या धंद्यातील सर्वसाधारण रीत आहे. पण त्या रीतीने माझ्यासारख्या नवशिक्याच्या हाती पडते ते लोखंड. तो भाग कोणत्या बाजूने बसतो, त्याच्या आधी काय चढते, कोणता बोल्ट लांब आणि कोणता आखूड, हे ज्ञान गाडी उसकटली की त्याच दिवशी नाहीसे होते. माझी गाडी अगोदरच कुणीतरी उसकटलेली होती, म्हणून तिच्याकडून काही शिकण्यासारखे उरले नव्हते. आपली गाडी जोडलेली होती, आणि ती जोडलेली ठेवून आपण मला भागांच्या जोडीला त्यांची मूळ रचनाही दिलीत.

गिअरच्या दांड्यांचेच उदाहरण घेतो. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगजवळ असतो आणि तेथील हालचाल दांड्यांच्या साखळीतून खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते. एक हालचाल गिअरांची जोडी निवडते, दुसरी त्यातला गिअर टाकते. माझ्याकडे यातले काहीच नव्हते. आपण मला लगेच ते काढू दिले नाहीत. आपण स्वतः गाडीत बसलात, मला पोते अंथरून खाली झोपवलेत आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत व मग रिव्हर्स असे गिअर सावकाश टाकत गेलात. कोणता दांडा कधी पुढे सरकतो, कोणता नुसता फिरतो आणि किती फिरतो, हे मी खाली पडल्या पडल्या पाहत होतो. एका सांध्यावरचा वॉशर एकाच कडेला झिजून पातेल्याच्या काठासारखा चकचकीत झालेला होता. तो वॉशर पालटून बसवला असता तर तिसऱ्या गिअरची दांडी पुन्हा अडखळली असती, असे आपण वरून, न पाहता सांगितलेत. या गाडीचे छापील माहितीपुस्तक मी मिळवले होते आणि त्याचा उपयोगही झाला. पण पुस्तकातील चित्रात वॉशर असतो, त्याची झीज नसते.

इंजिनाच्या बाबतीत आपली शिस्त अधिकच कडक होती. १०८९ सी.सी.चे ते छोटे चार सिलिंडरी इंजिन, त्याच्या सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. आणि पिस्टनची धाव ७५ मि.मी., हे आकडे मला तोंडपाठ झाले होते. पण आकडे पाठ असणे आणि हात बसणे यांत अंतर असते. माझ्या गाडीच्या क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्यावर, खोल चरे पडले होते, म्हणून आपल्या गाडीचा क्रँक घ्यायचे ठरले. औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरने तो मायक्रोमीटरने मोजला, तेव्हा तो पूर्वी कधीतरी घासून 'वीस'च्या मापाला आणलेला, म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), सुमारे अर्धा मिलिमीटर, बारीक निघाला. त्याच मापाची बेअरिंगे मागवावी लागली. क्रँक इकडचा तिकडे चालतो, पण त्याला खालून धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप मात्र ब्लॉकला बसवूनच एका रांगेत कोरलेल्या असतात, त्यामुळे एका ब्लॉकच्या कॅप दुसऱ्याला लावायच्या नाहीत, हे आपण मला समजावून सांगितलेत. समजावून थांबला नाहीत, तर आपल्या गाडीच्या तिन्ही कॅप लगेच उचलून फडक्यात बांधून घरात ठेवून दिल्यात, म्हणजे मोहाला जागाच उरू नये. कनेक्टिंग रॉडच्या कॅपांचेही तेच. ज्या रॉडची कॅप त्याच रॉडला आणि त्याच बाजूने. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या अंगाला, टप्प्याटप्प्याने आवळायचे, हे तर आपण माझ्याकडून कोरड्या हेडवर करवून घेतलेत आणि मगच खरे पॅकिंग हातात दिलेत.

काही भाग आपण मागूनही दिले नाहीत. त्याबद्दलही आभार मानतो, कारण माझ्या कुटुंबाला त्याच गाडीत बसायचे आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढच्या चाकांचे ड्रम, ब्रेक शूचे लोखंड आणि स्प्रिंगा आपण तपासून दिल्यात. ब्रेकचे होज पाइप, चाकांच्या सिलिंडरमधील रबरी कप, ऑइल सील आणि इंजिनाचे माउंटिंग यांना मात्र हात लावू दिला नाहीत. ते रबर बाहेरून मऊ दिसत होते. आपण एक होज पाइप माझ्यादेखत वाकवून दाखवलात, तर बाह्य थराखालून बारीक भेगांची जाळी वर आली. "लोखंड उभ्या-उभ्या टिकतंय, रबर टिकत न्हाई," असे म्हणून आपण तो कापून टाकलात, की कुणी पुन्हा उचलून लावू नये. नव्या रबरासाठी मला हैदराबाद आणि पुण्याच्या दुकानांचे उंबरे झिजवावे लागले, आणि त्यात गेलेला वेळ आपल्या अटीत बसणारा होता, कारण तोवर दुसरे काहीच काढायची परवानगी नव्हती.

काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधण्याची आपली पद्धत मी आता घरच्या पंख्याच्या दुरुस्तीलाही वापरतो. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे आपण तुकडे केलेत, प्रत्येकाला भोक पाडून तारेने भागाला अडकवलेत आणि वर निळ्या शाईने जागा लिहिलीत. डाव्या पुढच्या चाकाच्या वरच्या स्प्रिंगला लावलेल्या तुकड्यामागे 'चि. सौ. कां.' एवढीच अक्षरे शिल्लक होती. डिझेलने हात बरबटलेले असतानाही आपले अक्षर वळणदार राहते, हे एका मराठीच्या शिक्षकाने मुद्दाम नोंदवावे असे वाटते.

पैशांचा विषय निघाला तेव्हा मी मोठी रक्कम मनात धरून आलो होतो. आपण क्रँक, हेड आणि कार्बोरेटर शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलायला लावलेत, त्या दिवशीचा भाव विचारलात आणि तेवढेच पैसे मोजून घेतलेत. डायनॅमो चालला नाही, त्याचे पैसे परत केलेत. फुकट दिले असते तर मी ओशाळा झालो असतो आणि पुढचा भाग मागायला कचरलो असतो, हे आपण ओळखले होते, असे मला वाटते. वजनाचा हिशोब चोख झाला. आपण ज्या दुपारी माझ्या शेजारी पोत्यावर बसून काढल्यात, त्या मात्र कोणत्याच काट्यावर चढल्या नाहीत, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

काकूंचेही आभार मानायचे आहेत. अंगणातील तुळशीपासून हातभर अंतरावर पेट्रोलमध्ये धुतलेले नट-बोल्ट वाळत घातलेले त्यांनी खपवून घेतले. त्यांनी फक्त त्यांची परात परत मागितली होती. ती घासून स्वच्छ करून पाठवली आहे, तरी वास गेला नसेल तर नवी आणून देईन.

शेवटी एक विनंती. आपल्या गाडीचा मागचा ॲक्सल अजून जागेवर आहे. अंबाजोगाईच्या एका गृहस्थांच्या पद्मिनीचे क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधील दातेरी चाकांची जोडी) वेग घेतला की कोकलते, आणि जोडी म्हणून चांगले क्राउन-पिनियन त्यांना कुठेच मिळत नाही. मी काढून पार्सलने पाठवावे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः पाने घेऊन यावे लागेल, आधी आपल्या गाडीखाली झोपून पाहावे लागेल आणि स्वतःची गाडी तयार ठेवूनच हा भाग न्यावा लागेल, असे मी त्यांना कळवले आहे आणि ते कबूल झाले आहेत. दिवाळीनंतरचा एखादा रविवार आपल्याला चालेल का, ते निरोपाने कळवावे. जॅक आणि घोड्या मी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
एक फियाटवाला शिक्षक
जालना