फ्रीझ पुन्हा पुढे ढकललास?

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. तुझ्या सॉफ्टवेअरचा फ्रीझ, म्हणजे नवं काही आत घेणं थांबवून फक्त बग (चुका) दुरुस्त करायचा टप्पा, तिसऱ्यांदा पुढे गेला आणि कारण तेच: 'एवढं एकच फीचर आत घेऊ.' अरे, ते एकटं कधीच येत नाही. तारीख हलते हे एकदा कळलं की जो तो आपला अर्धाकच्चा पॅच (कोडमधला बदल) घेऊन दारात उभा.

डेबियन या लिनक्स प्रणालीचं आठवतंय ना? 'तयार होईल तेव्हा' हा त्यांचा बाणा. 'वूडी' ही आवृत्ती आली जुलै 2002 मध्ये आणि पुढची 'सार्ज' थेट जून 2005 मध्ये. नंतर त्यांनी तारीख बांधून घेतली ती फ्रीझची, प्रकाशनाची नव्हे. मला हे फार पटतं. दार कधी लावायचं हे आपल्या हातात असतं. शेवटचा बग कधी सापडेल हे नसतं.

पण तुझी खरी अडचण वेगळीच आहे: पुढची संधी कधी, हे कुणाला ठाऊक नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नवं काम आत घ्यायची खिडकी दोनच आठवडे उघडी असते. मग दर आठवड्याला एक आरसी (प्रकाशनाआधीची चाचणी आवृत्ती), सातव्या-आठव्या आरसीनंतर आवृत्ती बाहेर. ज्याचं काम राहिलं, तो नऊ-दहा आठवडे थांबतो. कुरकुरतो, पण थांबतो. तुझी मागची आवृत्ती दीड वर्षापूर्वीची! मग लोक हट्टाला पेटणार नाहीत तर काय? आधी पुढच्या दोन आवृत्त्यांच्या तारखा जाहीर कर, मग 'नाही' म्हण.

आणि स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे पडद्यावर दिसणारी वाक्यं बदलायला बंदी, विसरू नकोस. एका प्रकल्पाचं भाषांतर मी रात्री जागून पुरं केलं होतं. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी 'किरकोळ सुधारणा' म्हणून मेनूतली वाक्यं बदलली, आणि माझी आवृत्ती अर्धी इंग्रजीत बाहेर पडली. अजून राग येतो.

तारीख कधीच हलवू नये असं नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची एप्रिल 2006 ची आवृत्ती जूनमध्ये आली, 6.04 ची 6.06 झाली (त्यांचे आकडे वर्ष आणि महिन्याचे). पण तो वेळ डागडुजीसाठी होता, नव्या फीचरांसाठी नाही. तू नेमकं उलटं करतोयस.

एक मात्र कर: फ्रीझ लागल्या लागल्या पुढची शाखा, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं वेगळं काम, उघडू नकोस. माणसं मोजकी आहेत; सगळी तिकडे पळतील आणि बग तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडतील.

इन्स्टॉलरचे ते दोन जुने बग माझ्या नावावर टाक. तारीख ठरली की कळव, पण या वेळी खरी.

तुझा,
जुना भाषांतरकार